८ महार बटालियन : कोरेगावच्या पुढचा इतिहास

१ जानेवारीला लोहा, कंधार, नांदेड भागातून भीमा कोरेगावला जाणारे आपण १८१८ ची लढाई सांगतो. पण महार रेजिमेंटचा पुढचा इतिहास आपल्याला किती माहीत आहे?

१८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात १११ महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर ती मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्यांच्या पाठपुराव्यामुळे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावात पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या बोधचिन्हावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. आज रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे असून ‘यश सिद्धी’ हे तिचे ब्रीद आहे.

याच रेजिमेंटची ८ वी बटालियन १९८७ मध्ये शांतिसेनेत श्रीलंकेला गेली. २५ नोव्हेंबरच्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या तुकडीवर घात लावून हल्ला झाला. त्यांनी शत्रूला मागून वेढले. छातीत गोळी लागली, तरी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत ते जवानांना आदेश देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. रेजिमेंटचे हे एकमेव परमवीर चक्र.

मेजर परमेश्वरन मुंबईत जन्मलेले तमिळ होते. जातीमुळे ज्यांना भरती नाकारली, त्यांच्या नावाची रेजिमेंट आज सर्व जातीधर्मांच्या जवानांची आहे. भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या तरुणांना हा वारसाही आपणच सांगितला पाहिजे.

जय भीम!