सावली नसलेली चित्रे

झाशीस बदली होऊन आलेला मराठी माणूस पहिल्याच रविवारी मानिक चौकातून राणीमहालाकडे वळतो. आम्हीही वळलो. संस्थान खालसा झाल्यावर, १८५४ साली, किल्ला सोडून राणीसाहेब नेवाळकरांच्या याच वाड्यात राहावयास आल्या. त्या आठवणीने मन इतके भरून जाते की, दरबार दालनातील रंगीत वेलबुट्टीकडे लक्षच जात नाही. आमचे गेले ते फार उशिरा. आणि ना सावली, ना खोली, तेव्हा ही नुसती कारागिरी, असा निकाल देऊन आम्ही मोकळे झालो.

हा निकाल ओरछ्यास फिरवावा लागला. झाशीहून ते पाचच कोस. तेथील राजमहाल मधुकरशहाच्या कारकिर्दीत (१५५४-९२) पूर्ण झाला. त्याच्या भिंतींवर विष्णूचे अवतार आहेत. देव, भक्त, वृक्ष, सारे एकाच सपाट उजेडात उभे. कोणाचीही सावली कोणावर पडत नाही.

त्याच सुमारास युरोपात मॅनरिस्ट म्हणून ओळखले जाणारे चित्रकार धर्मप्रसंग रंगवीत होते. आम्ही ते छापील प्रतींवरूनच जाणतो. फ्लॉरेन्सच्या पोंतोर्मोने १५२५-२८ मध्ये ख्रिस्ताचे कलेवर वाहून नेणारी मंडळी रंगविली. चित्रात क्रूस नाही, पायांखाली जमीन जेमतेम, आणि गुलाबी-निळी वस्त्रे जणू आतूनच उजळलेली. यथार्थदर्शनाचे शास्त्र त्याच्या गावी शंभर वर्षे मुरलेले होते. त्याने ते जाणून बाजूस सारले. व्हेनिसचा तिंतोरेत्तो उलट्या वाटेने गेला. त्याच्या १५९२-९४ मधील 'अखेरच्या भोजना'त मेज तिरपे अंधारात शिरते, ख्रिस्त दूर आणि लहान दिसतो, व टांगलेल्या दिव्याच्या धुरातून देवदूत आकार घेतात. तेथे देवत्व दिसावयास आधी काळोख लागतो. ओरछ्याच्या चित्रकाराला तो लागत नाही.

दोघांना एका पंक्तीस बसविण्याचा आमचा मानस नाही. एकाने शिकलेले टाकले; दुसऱ्याचे शिक्षणच वेगळे. मात्र सावलीची वार्ता इकडे आलीच नव्हती असे नव्हे. १५८० मध्ये जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारी आले, आणि १५८८ च्या सुमारास केसूदासाने हेम्सकर्कच्या संत मॅथ्यूची, म्हणजे एका मॅनरिस्टाच्याच चित्राची, मुद्रितावरून नक्कल केली. पुढे ओरछ्याचा वीरसिंहदेव तर जहांगिराच्या खास मर्जीतला! तरीही आम्ही पाहिलेल्या भिंतींवर ती छाया उतरलेली नाही.

वीरसिंहदेवानेच बांधलेल्या लक्ष्मीमंदिरात १८५७ नंतरची चित्रेही आहेत: इंग्रजी शिपाई, तोफा, झाशीचा वेढा. मराठी माणूस तेथे राणीसाहेबांना शोधीत जातो. आम्हीही तेच केले. आणि ध्यानात आले की, अवतारांना जो उजेड तोच या लढाईला आहे. शत्रूही त्यात तितकाच स्पष्ट दिसतो.

परतल्यावर आम्ही पुन्हा मानिक चौकात उतरलो. दरबार दालनात संध्याकाळ झाली होती. रखवालदार दारे लावावयास येईपर्यंत आम्ही त्या वेलबुट्टीसमोर उभे होतो.