त्रिरश्मीवरील औषधदान

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेन याच्या 9व्या राज्यवर्षाचा, इ.स. 3ऱ्या शतकातील शिलालेख आहे. शक उपासिका विष्णुदत्ता ही त्यातील दात्री. विहारवासी भिक्षुसंघातील रुग्णांच्या औषधासाठी तिने निरनिराळ्या श्रेणींकडे ‘अक्षयनीवी’ म्हणजे कायम ठेव ठेवली. जलयंत्रकारांकडेच 2000 कार्षापण होते. मुद्दल अभंग राहावे, व्याजातून औषध यावे, अशी ही व्यवस्था.

दात्री स्त्री असली तरी स्त्रीदेहाच्या गरजांविषयी हा लेख मौन पाळतो. त्यासाठी आपणांस विनयपिटकाकडे वळावे लागते. चुल्लवग्गात ऋतुमती भिक्षुणींसाठी ‘आवसथचीवर’, आतील लहान कापड व ते टिकावे म्हणून कटिसूत्र अनुज्ञात आहे. आवसथचीवर सामायिक असे. एकीने ते अडवून ठेवल्यास दुसरीची अडचण होई, म्हणून ते वेळीच सोडण्याचा नियम भिक्षुणींच्या पाचित्तियांत आला. ऋतुस्रावाचा विचार येथे विटाळ म्हणून होत नाही, सोयीचा प्रश्न म्हणून होतो.

त्रिरश्मीला वंदनेस जाणाऱ्या एखाद्या घरात आजही मुलीला महिन्याचे चार दिवस बाजूला बसवले जात असेल, तर त्या रूढीला या नियमांत आधार नाही, असे आम्ही स्पष्टपणे नमूद करतो.