आईचं बियाणं

कांदा काढून झाला, माळा विणणं चालू आहे, म्हणून पंधरा दिवस इथे काही लिहिलं नाही. आज फवारणी-खताची नोंद नाही. थोडा इतिहास लिहितो, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा आणि आमच्या घरचा.

आपल्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अर्ज जानेवारी २०१९चा. हा कांदा जुना आहे याला पुरावा लागतो, तो १८८३ सालच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये सापडला. पांढऱ्या कांद्याचा उल्लेख तिथे आहे. तेव्हापासून आजपर्यंत हे वाण टिकलं कसं, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. कुठल्या कंपनीचं पाकीट नव्हतं. घराघरात बी धरलं जायचं. आणि बी धरायचं काम, निदान आमच्या आळीत तरी, बायकांचं.

कांद्याचं बी वर्षभरात उगवण गमावतं, हे इथल्या कृषी सहायकांना सांगायला नको. भातासारखं कणगीत टाकून विसरता येत नाही. मार्चमध्ये निवडलेला कांदा पावसाळाभर आढ्याला टांगायचा, भात कापलं की लावायचा, गोंडे वाळले की बी झाडायचं आणि येत्या नोव्हेंबरात वाफ्यात टाकायचं. कांद्यापासून बी आणि बियापासून पुन्हा कांदा, असा दोन वर्षांचा खेळ. एक साल चुकलं की साखळी तुटली.

आई लग्न होऊन आली तेव्हा आजीनं तिला पहिलं हेच शिकवलं. लहानपणी मी एकदा आढ्याचा कांदा भाकरीबरोबर खायला काढला, तर हातावर फटका बसला. "ते बियाचे कांदे हान, खावाचे नाय." जोड कांदा नको, डेंगळा आलेला नको, गुलाबी झाक असलेला तर नकोच. परागीभवन माशा करतात, जवळ लाल कांदा फुलला तर बी भेसळतं, म्हणून शुद्ध बियाण्याच्या प्लॉटला शेकडो मीटर अंतर ठेवा, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आई बियाचा वाफा कायम विहिरीपलीकडे, एकटा लावायची. का, ते कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही.

आता जरा मागे जातो. चरीचा संप आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांनी खोतांच्या जमिनी कसायच्या थांबवल्या, त्या जवळजवळ सहा वर्षं. डिसेंबर १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर चरीला आले होते. भाषणं, ठराव, खटले यांची नोंद आहे. पण शेत पडीक असताना माणसं जगली ती जंगलातला लाकूडफाटा आणि करवंदं विकून, खाडीतली मासळी धरून. त्या पाट्या बाजारात कोणाच्या डोक्यावरून गेल्या, हे आपल्याकडच्या कोणत्याही म्हातारीला विचारा.

पुढे खोती गेली, कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७चा कृषक दिन आला. कसणाऱ्याच्या नावावर जमीन झाली. कसणारा म्हणजे आजोबा. मग बाबा. आजीचं नाव सातबाऱ्यावर चढलंच नाही. शेतकरी संघटनेनं शरद जोशींच्या काळात लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावे जमीन करा म्हणून. आमच्या घरात तो विषय निघाला नाही. निघायला हवा होता.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. आमच्या पडवीचे पत्रे शेजारच्या वाडीत गेले. बाबा आणि मी गोठ्याकडे धावलो. परत आलो तर आई भिजून चिंब, आणि बियाच्या माळा, राखेत ठेवलेलं बियाण्याचं मडकं, सगळं पलंगाखाली. दागिन्यांचा डबा फळीवर तसाच. त्या नोव्हेंबरात आळीत चार घरांकडे बी उरलं नव्हतं. आईनं वाटीनं मोजून दिलं, पैसे घेतले नाहीत. बाबा जरा कुरकुरले. मीही हिशोब घातला होता, खोटं कशाला बोलू.

मानांकनाचे कागद भरताना शेतकरी म्हणून बाबांचं नाव लिहिलं, कारण सातबारा त्यांचा. फॉर्म मीच भरत होतो. आई शेजारी माळ विणत बसली होती. पेन थांबलं नाही, हे आता टोचतं. गेल्या महिन्यात तलाठ्याकडे जाऊन आलो, तिचं नाव लावायला काय लागतं ते विचारून. बाबा "बघू" म्हणालेत, म्हणजे अर्धं काम झालं.

काल बियाण्यासाठी मी दीडशे कांदे निवडले. आईनं एकेक हातात घेऊन एकतीस बाजूला काढले. मला सगळे सारखेच दिसत होते. विचारलं तर म्हणाली, "मान जाड हाय, श्रावणापर्यंत टिकावाचे नाय." आज ते एकतीस पुन्हा दीडशेत मिसळून बघितले. मला फक्त नऊ ओळखता आले.