आर्किटेक्ट व्हायचे आहे? पदविका आणि पदवीतला फरक

येवल्यातील विद्यार्थ्यापुढे दहावीनंतर दोन मार्ग असतात: तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची वास्तुकला पदविका किंवा बारावीनंतरची पाच वर्षांची बी. आर्क. पदवी. पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे, शिवाय ‘नाटा’ किंवा जेईई मेनचा वास्तुकलेचा पेपर द्यावा लागतो. अशी महाविद्यालये सुमारे ८० किलोमीटरवरील नाशिकमध्ये आहेत.

फरक कायद्याचा आहे. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी केलेल्या व्यक्तीलाच ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येते. त्यासाठी मान्यताप्राप्त पदवी लागते; नुसती पदविका चालत नाही. हे बंधन उपाधीवर आहे, कामावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे पदविकाधारक नकाशे काढणे, साइटवर देखरेख ठेवणे अशी कामे करू शकतात.

पदविकेनंतरही बी. आर्क. करता येते, मात्र पदविकेत गणित हवे आणि सुरुवात पहिल्या वर्षापासूनच होते. म्हणजे दहावीनंतर बारावीमार्गे सात वर्षे, पदविकेमार्गे आठ. पुढे एम. आर्क.ची दोन वर्षे.

पैठणी विणणाऱ्या घरात मागाला जागा आणि उजेड कसा द्यायचा, असे प्रश्न सोडवायला हेच शिक्षण उपयोगी पडते. अकरावीला गणित सोडण्याआधी एवढा हिशेब मांडावा.