लोखंडाचे दप्तर

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आमच्या डोळ्यांपुढे ताम्रपट, बखरी आणि रुमालांत बांधलेली मोडी कागदपत्रे उभी राहतात. जिचे वय अजून शंभर वर्षांचेही नाही, जी कारखान्यात हजारोंनी तयार झाली आणि हप्त्यांवर विकली गेली, अशा वस्तूलाही चिकित्सक इतिहास असावा, ही कल्पना प्रथमदर्शनी थट्टेची वाटेल. तथापि अमेरिकेत मुख्यतः १९६४ ते १९७१ या काळात निघालेल्या, 'मसल कार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेगवान मोटारींचे संग्राहक ज्या रीतीने संशोधन करतात, ती पाहिल्यावर हा समज टिकत नाही. त्यातच या इतिहासाचा उगम कचेरीतील एका नियमात आणि त्या नियमातून काढलेल्या पळवाटेत आहे, हे कळल्यावर तर फाइलींच्या सहवासात आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांना या विषयाबद्दल आपुलकीच वाटू लागेल.

जनरल मोटर्स कंपनीच्या वरिष्ठांनी १९६३ च्या आरंभी आपल्या सर्व शाखांना मोटारींच्या शर्यतींतून अंग काढून घेण्याचा हुकूम दिला. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असाही कंपनीचा दंडक होता. पॉन्टियाक शाखेची तरुण गिऱ्हाइकांतील प्रतिष्ठा शर्यतींवरच उभी होती. तेथील मुख्य अभियंता जॉन डीलोरिअन आणि त्यांचे सहकारी यांनी नियमावली बारकाईने वाचली. नवा नमुना काढावयाचा तर मुख्य कचेरीची मंजुरी हवी. परंतु चालू नमुन्यावर गिऱ्हाइकाच्या इच्छेनुसार द्यावयाच्या जादा साहित्यास ती लागत नसे. तेव्हा टेम्पेस्ट ल मान्स या मध्यम गाडीत मोठ्या गाडीचे ३८९ घन इंचांचे इंजिन बसविण्यात आले आणि सुमारे २९६ डॉलरांचे 'जादा साहित्य' म्हणून ते किंमतपत्रकात दाखल झाले. नाव इटलीतील फेरारीच्या एका गाडीवरून सरळ उचलले : जी.टी.ओ. शाखाप्रमुख पीट एस्टेस यांनी या युक्तीस पाठिंबा दिला. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा अंदाज होता. १९६४ च्या हंगामात ३२,४५० खपल्या. खपाचा हा आकडा पाहिल्यावर नियमाचा आग्रह धरण्यास वरिष्ठांपैकी कोणी पुढे आले नाही.

युक्ती सफल झाली, परंतु तिचा परिणाम साठ वर्षांनंतरच्या संशोधकास भोगावा लागत आहे. जी.टी.ओ. हा स्वतंत्र नमुना ठरला १९६६ साली. त्यापूर्वीच्या दोन हंगामांत ती कागदोपत्री केवळ ल मान्सच होती; त्यामुळे गाडीवर ठोकलेल्या क्रमांकावरून ती साधी ल मान्स की खरी जी.टी.ओ., हे समजत नाही. साध्या गाडीला मोठे इंजिन आणि तीन अक्षरांचे बिल्ले लावले की डोळ्यांना फरक दिसत नाही. बाजारभावात मात्र तो मोठा असतो. सुदैवाने पॉन्टियाकची जुनी बिले सूक्ष्मचित्रफितीवर शिल्लक राहिली. पॉन्टियाक हे नावच २०१० साली बंद पडले, पण कोणा कारकुनाने नित्यकर्म म्हणून केलेली ती नोंद आज गाडीच्या खरेपणाची सर्वांत भक्कम साक्ष ठरते.

शेव्हरोले शाखेची कथा याच जातीची, पण अधिक अवघड आहे. तेथेही लहान व मध्यम गाड्यांत ४०० घन इंचांहून मोठे इंजिन घालण्यास बंदी होती. मात्र पोलिसांच्या किंवा भाड्याच्या गाड्यांसारख्या घाऊक मागण्यांतील खास फेरफारांसाठी मुख्य कचेरीकडून निघणाऱ्या उत्पादन-आदेशांची एक वेगळी वाट होती. १९६९ साली त्याच वाटेने ४२७ घन इंचांच्या, अॅल्युमिनियमच्या 'झेडएल-१' इंजिनाच्या ६९ कॅमेरो गाड्या बाहेर पडल्या. त्यांपैकी ५० ची मागणी इलिनॉय राज्यातील ला हार्प या छोट्या गावच्या फ्रेड गिब या विक्रेत्याची होती. इंजिनाची जादा किंमत ४,१६० डॉलर, म्हणजे साध्या कॅमेरोच्या किंमतीहूनही अधिक, पडली. गिऱ्हाइके मागे सरली आणि गिब यांच्या बऱ्याचशा गाड्या दुसऱ्या विक्रेत्यांकडे पाठवाव्या लागल्या. तेव्हा ज्यांना कोणी हात लावीना, त्याच गाड्यांसाठी पुढे लक्षावधी डॉलरांच्या बोली झाल्या.

येथे संशोधकाची खरी कसोटी लागते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्या काळच्या शेव्हरोले गाड्यांच्या बांधणीच्या नोंदी कंपनीजवळ बहुतांशी उरलेल्या नाहीत. कॅनडात विकलेल्यांच्या मात्र जपल्या गेल्या! म्हणून अमेरिकेतील संग्राहक कागदाचा शोध गाडीच्या पोटातच घेतो. जुळणी करताना कामगारांच्या हाताशी असलेला सूचना-कागद कधी आसनाच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोलच्या टाकीवर तसाच राहून जाई. उंदरांनी कुरतडलेला, तेलाने माखलेला तो कागद हाती लागला की मालकास होणारा आनंद, वाड्याच्या माळ्यावर पत्रांचा रुमाल सापडलेल्या राजवाड्यांच्या आनंदाहून जातीने निराळा नसावा. दोन्हीकडे कागद टिकले ते कोणी इतिहासासाठी जपले म्हणून नव्हे, तर कोणाचे लक्ष गेले नाही म्हणून.

कागद नसेल तेथे लोखंड वाचावे लागते. शेव्हरोलेच्या इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर ओतकामाची तारीख उठलेली असते : जानेवारीसाठी 'ए', फेब्रुवारीसाठी 'बी' अशा क्रमाने महिन्याचे अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. 'सी १२ ९' म्हणजे १९६९ च्या मार्चची बारावी तारीख. गाडी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तयार झाली असेल, तर मार्चमध्ये ओतलेले इंजिन तिचे जन्माचे असूच शकत नाही. होली कंपनीच्या कार्बुरेटरवर वर्ष, महिना व आठवडा सांगणारे तीन अंक असत. काचांवरही अशा खुणा सापडतात. हे सर्व पुरावे एकमेकांशी जुळले आणि इंजिनावर गाडीच्याच क्रमांकाचे अंक निघाले, की ती मूळ रूपातील गाडी ठरते.

जेथे पुराव्यास मोल येते, तेथे बनावट पुरावाही जन्मास येतो. इनामासाठी खोट्या सनदा तयार करणारे आपल्याकडेही होऊन गेले. येथे इंजिनावरचे जुने अंक घासून नवे ठोकले जातात. जाणता परीक्षक म्हणून अंकांच्या आधी त्यांखालचा पृष्ठभाग पाहतो. कारखान्यातील यंत्राने तो सपाट करताना बारीक समांतर रेघा उमटत. त्या पुसल्या असतील, तर अंक कितीही सुबक असोत, संशय घ्यावा. आणि लबाडीची खरी हानी खरेदीदाराच्या पैशापुरती नसते. मूळ अंक एकदा घासला गेला की त्या गाडीपुरते इतिहासाचे ते पान कायमचे जळाले.

या दृष्टीने १९६८ च्या 'बुलिट' या चित्रपटातील दोन हिरव्या मस्टँग गाड्यांचे भाग्य मननीय आहे. एक २०१७ साली मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियात मोडीच्या आवारात सापडली. तिच्यावर दुसऱ्याच एका चित्रपटातील गाडीची नक्कल चढविण्याचा बेत चालला होता, तोच क्रमांकावरून तिची ओळख पटली. दुसरी एका कुटुंबाने अनेक वर्षे सांभाळली आणि बाहेरून नवी करण्याचा मोह टाळला. फिकटलेला रंग, पोचे, चित्रीकरणासाठी खाली जोडलेल्या नळ्या यांसह ती २०२० च्या जानेवारीत फ्लॉरिडात लिलावाचे शुल्क धरून ३७ लक्ष ४० हजार डॉलरांना विकली गेली. रंग देऊन ती चकचकीत करणे अशक्य नव्हते. पण त्या पोच्यांबरोबरच तिची साक्षही गेली असती.

जीर्णोद्धारच करू नये, असा याचा अर्थ आम्ही काढीत नाही. गंजलेली गाडी रस्त्यावर आणावयाची तर तिचे काही भाग बदलावेच लागतात. मात्र काय बदलले, केव्हा बदलले आणि मूळ काय होते, याची प्रामाणिक नोंद गाडीबरोबर राहिली पाहिजे. 'इंजिन मूळचे नाही' असे स्पष्ट लिहून ठेवणारा मालक आज थोडी किंमत गमावतो, पण पुढच्या संशोधकाची वाट मोकळी ठेवतो. आपल्या टेबलावरील फाइल पुढे कोण आणि कशासाठी उघडील, हे १९६४ च्या त्या कारकुनास ठाऊक नव्हते. ते आम्हांसही ठाऊक नसते. म्हणूनच शेरा खरा लिहावा.