रुपया कोणाच्या हातातला?

वरसाव्याच्या नाक्यावर घोडबंदरचा रस्ता अहमदाबादच्या हमरस्त्याला मिळतो. पुढे पूल वसईची खाडी ओलांडतो. १९७२ च्या दुष्काळात आमचे आजोबा मराठवाड्यातून येथे आले आणि खाडीतली रेती काढण्याच्या कामाला लागले. बुडी मारायची, पाटी भरायची, होडी भरायची. रेती ब्रासवर विकली जाई, मजुरी खेपेवर मिळे. आजोबा सांगत, रेतीचा भाव चढला की मालक दुसऱ्या दिवसापासून नवा भाव घेई. मजुरी चढायला मात्र दोन पावसाळे जात. त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढे घरातला पहिला पदवीधर होऊन मी अर्थशास्त्र शिकवू लागलो, तेव्हा हेच निरीक्षण मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात शास्त्रीय युक्तिवादासह भेटले. हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या सभांतून या ग्रंथाचे नाव गाजते. वाचला मात्र फार थोड्यांनी. रिझर्व्ह बँक या ग्रंथातून जन्मली, एवढे एक वाक्य आपण पाठ केले आहे. बाबासाहेबांनी १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष दिली, त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली, हे खरे. पण ग्रंथाचा गाभा बँकेत नाही. चलन सरकारच्या मर्जीवर सोडू नये, हा त्यांचा आग्रह होता. आणि त्या आग्रहामागे एक साधा प्रश्न होता. रुपयाची किंमत घसरते तेव्हा ती कोणाच्या ताटातून जाते?

थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १८३५ च्या कायद्याने चांदीचा रुपया हे कंपनीच्या मुलखाचे एकसारखे चलन झाले. १८७० नंतर जर्मनी व तिच्यापाठोपाठ युरोपातील इतर देश सोन्याकडे वळले. चांदी उतरली आणि तिच्याबरोबर रुपयाही उतरला. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ चोवीस पेन्स मिळत; १८९४-९५ मध्ये तो तेरा पेन्सच्या आसपास आला. विलायतेतील पेन्शनी आणि कर्जाचे व्याज पौंडांत भरावे लागे, म्हणून सरकार हवालदिल झाले. उलट निर्यातदार खूश होते. विलायतेत तोच भाव मिळाला तरी येथे रुपये जास्त येत. स्वस्त रुपया म्हणजे देशी उद्योगाला बक्षीस, असे तेव्हा म्हटले जाई.

बाबासाहेबांनी हे बक्षीस उलगडून दाखवले. ते परदेशातून येत नाही, असे त्यांचे म्हणणे. रुपया उतरतो तशा येथील वस्तूंच्या किमती चढतात. मजुरी मागे राहते. निर्यातदाराचा नफा या अंतरातून निघतो. म्हणजे देश श्रीमंत होत नाही. मजुराच्या खिशातले मालकाच्या खिशात जाते. ‘राष्ट्रहित’ या शब्दाखाली दडलेला वर्ग त्यांनी अशा रीतीने उघडा केला. आजोबांचे दोन पावसाळे ते हेच.

१८९३ मध्ये सरकारने टांकसाळी जनतेच्या चांदीसाठी बंद केल्या आणि पुढे रुपया सोळा पेन्सवर बांधला. या सुवर्ण विनिमय पद्धतीची केन्सने १९१३ च्या आपल्या पुस्तकात वाखाणणी केली. बाबासाहेबांनी नेमका येथे विरोध केला. लंडनशी असलेला दर स्थिर आहे, ठीक. पण बाजारात रुपयाला धान्य किती मिळते? नवे रुपये काढण्याची मोकळीक सरकारच्या हाती असेल तर विनिमय दर जागेवर राहूनही भाव चढू शकतात. परदेशाशी व्यापार थोडे लोक करतात, बाजारात मात्र सर्वांनाच जावे लागते. म्हणून चलनाची खरी कसोटी देशांतर्गत क्रयशक्ती.

त्याच १९२३ साली मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने फिंडले शिराज यांची गिरणी कामगारांच्या कुटुंबखर्चाची पाहणी प्रसिद्ध केली. मुंबईचा कामगार धान्य खात होता ते तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या मापापेक्षा कमी होते. लंडनमध्ये रुपयाच्या सिद्धांताची चर्चा चालू असताना परळ-लालबागच्या चाळींत त्या सिद्धांताचे माप असे भरत होते.

परंतु आपल्यासाठी प्रश्न येथे संपत नाही. त्याच गिरण्यांत विणाई खात्यात मजुरी जास्त होती आणि तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे. भाव सर्वांना एक, मजुरी मात्र जातीची. आणि हाती रुपया आला तरी काय? १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. पगार होता, पण त्या पगाराला शहरात खोली मिळेना. नाव बदलून पारशी खानावळीत राहावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. राणीच्या, राजाच्या छापाचा रुपया कायद्याने सर्वत्र चालत असे. अस्पृश्याच्या हातातला तोच रुपया घरमालकाच्या दारात अडत होता. क्रयशक्तीचा कोणताही सिद्धांत हा अनुभव वगळून पुरा होत नाही.

आता आजच्या मापाकडे येऊ. ‘क्रयशक्ती समता’ ही संज्ञा स्वीडनच्या गुस्ताव कासेल यांनी १९१८ मध्ये रूढ केली. तीच टोपली दोन देशांत कितीला पडते, त्यावरून चलनांची तुलना करायची. १९६८ पासून यासाठी आंतरराष्ट्रीय मोजणी सुरू झाली; आता ती जागतिक बँकेकडे आहे. २०१७ च्या मोजणीनुसार बाजारात डॉलरला सुमारे ६५ रुपये पडत होते, तर क्रयशक्तीच्या मापाने २० रुपये ६५ पैसे. या मापाने भारत जगातली तिसरी मोठी अर्थव्यवस्था ठरला. हे माप खोटे नाही. बाजारातल्या दराने पाहिले तर गरीब देश आहे त्याहून गरीब दिसतो, हे मान्य केले पाहिजे.

पण भारत स्वस्त का आहे, हे विचारले पाहिजे. १९६४ मध्ये बलासा आणि सॅम्युएलसन यांनी स्वतंत्रपणे याचे उत्तर मांडले. धातू, तेल, यंत्र यांचे भाव जगाच्या बाजारात ठरतात. हजामत, धुणीभांडी, झाडलोट यांचे भाव गावातल्या मजुरीवर ठरतात. मजुरी कमी म्हणून सेवा स्वस्त. अर्थशास्त्र येथे थांबते. हे झाडणारे, गटारात उतरणारे हात पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींचे आहेत, हे ते विचारत नाही.

माझी आई घोडबंदर रस्त्यावरच्या टोलेजंग इमारतींत धुणीभांडी करते. तिच्या श्रमाचे मोल कमी, म्हणून त्या घरांतल्या रुपयाची क्रयशक्ती मोठी. तिला मात्र मोलकरीण ठेवायची नसते. तिला तूरडाळ, तेल, गॅसची टाकी, औषध आणि खोलीचे भाडे लागते, आणि यांतले काहीही तिच्या श्रमाइतके स्वस्त नाही. आपण स्वस्त ते विकतो आणि महाग ते विकत घेतो. सरासरी टोपलीत हे दोन्ही एकत्र मिसळले जाते, आणि आईची मजुरी देशाच्या मोठेपणाच्या आकड्यात जाऊन बसते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनी १४ एप्रिलच्या भाषणापूर्वी एक काम करावे. ग्रंथ मिळवून त्याचे पहिले शंभर पृष्ठ तरी वाचावे. मग वही घेऊन आपल्या वस्तीत बसावे आणि लिहावे: किलोभर डाळीसाठी येथे किती तासांचे काम लागते? खोलीच्या भाड्यासाठी किती दिवसांचे? मागच्या पाच वर्षांत भाव कधी चढला, मजुरी कधी चढली? वरसाव्याची अशी वही मी सुरू केली आहे. प्रत्येक वस्तीत अशी वही झाली, तर रुपयाचा प्रश्न पुन्हा त्याच्या खऱ्या जागी मांडता येईल.