सलंगावरून चढणारे मासे

भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला 'सलंग' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. तलाव भरला की जादा पाणी ज्या वाटेने बाहेर पडते ती वाट म्हणजे सलंग. सरकारी कागदात सांडवा. पाणी या वाटेने खाली जाते, आणि मासे याच वाटेने वर येतात. आपल्याकडे मालगुजारी तलावांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. माशांच्या या वाटेवर मात्र फार थोडे, म्हणून हा लेख.

हे तलाव बांधले कोहळी समाजाने, चांद्याच्या गोंड राजांच्या आश्रयाने. काशीयात्रेहून परतताना गोंड राजाने या कुशल लोकांना बरोबर आणले अशी दंतकथा आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही ती नोंदलेली आहे. दंतकथा बाजूला ठेवू, पण काम डोळ्यांसमोर आहे. नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. एकाचे सलंग वाहिले की पाणी खालच्या तलावात, तिथून बांध्यांत (धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात), मग नाल्यात, चुलबंद किंवा गाढवी नदीत आणि शेवटी वैनगंगेत.

आता हीच साखळी उलटी पाहा. मृगाचे पाणी पडले, नाले गढूळ झाले की मासा प्रवाहाच्या विरुद्ध निघतो. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. कोकणात याला वलगण म्हणतात. त्याला खोल पाणी नको असते. वीतभर पाणी, त्यात बुडालेले गवत आणि पाणवनस्पती, अंडी चिकटायला आणि पिलांना लपायला एवढेच हवे असते. तलावाची पाळीकडची बाजू खोल आणि वरचे अंग उथळ, शेता-रानात मिसळून गेलेले. म्हणजे कोहळ्यांनी धानासाठी तलाव बांधले, आणि माशांना सुईणीचे घर आपोआप मिळाले! नोकरीची काही वर्षे मी अर्जुनी-मोरगावच्या बाजूला काढली. आषाढाच्या पहिल्या मोठ्या पावसात धिवरांची मुले वर्गात नसत. हजेरीपटावर खाडे मांडताना मला कारण विचारावे लागत नसे.

चढणीच्या वाटेवरच मासा सहज सापडतो, आणि तेव्हाच त्याच्या पोटात अंडी असतात. ही अडचण जुनी आहे. फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाने १८७३ च्या आपल्या अहवालात बंधारे, बारीक जाळी आणि शेतात अडकवून मारली जाणारी पिले यांविषयी तक्रार केली होती. १८९७ च्या मत्स्य कायद्याने सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी घातली. बंधाऱ्यांविषयी नियम करण्याचा अधिकारही त्यात होता. पण वाट मोकळी ठेवायची कशी, हे आपण कधी मनावर घेतले नाही.

मग दोन गोष्टी घडल्या. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. (तेव्हा आपले नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होते!) तलाव सरकारजमा झाले आणि पुढे मासेमारी संस्थांकडे ठेक्याने जाऊ लागली. दुसरी गोष्ट ओरिसातली. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी माशांना पियूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी मिळवली. रोहू, कतला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात प्रजनन करीत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. ती अट या शोधाने काढून टाकली. शोध थोरच, देशाला त्याने मासा खाऊ घातला. पण त्यानंतर माशाला वाटेची गरजच नाही असे सर्वांनी गृहीत धरले. बीज प्लास्टिकच्या पिशवीतून येऊ लागले. दरवर्षी ते विकत घ्यायचे, सोडायचे, काढायचे. मरळ, मागूर, शिंगाळा हे आपले आपण वाढणारे मासे 'किरकोळ' ठरले. पाणवनस्पती जाळ्यात अडकतात म्हणून उपटल्या गेल्या. काठावर बेशरम माजली.

याच अर्जुनी-मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि पतीराम तुमसरे यांच्यासारखे जाणते धिवर यांनी उलटा प्रवास सुरू केला. कोणता मासा कोणत्या वनस्पतीजवळ राहतो, अंडी कुठे घालतो, हे म्हाताऱ्या धिवरांना ठाऊक होते. ते आधी लिहून काढले. मग बेशरम खणून काढली, उन्हाळ्यात तलावाचे टणक झालेले तळ नांगरले, आणि पावसाच्या तोंडावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी वनस्पती हातांनी लावल्या. चिखलात धान रोवावे तसे! शालू कोल्हे यांच्यासारख्या बायकांनी गट बांधून हे काम पुढे नेले. देशी मासे परतले. विकत न घेतलेल्या बीजाचा मासा गरिबाच्या ताटात येतो, त्याचे मोल ठेक्याच्या हिशेबात दिसत नाही.

सरकारी दुरुस्तीत पोकलेन लावून तलाव खोल करतात, तेव्हा म्हणूनच मला धास्ती वाटते. पाणी अधिक मावते, कबूल. पण वरचे उथळ अंग खरवडले तर तलावाचा हंडा होतो. सलंगाची दुरुस्ती म्हणजे पुष्कळदा काँक्रीटची उभी भिंत. दगडांचा उतार केला तर मासा चढेल ना, असे मी इंजिनिअर झालेल्या एका विद्यार्थ्याला विचारले. तो म्हणाला, "चढेल सर, खर्चही फार नाही. पण अंदाजपत्रकात माशाचे कलम नाही."

आणि तलाव सुधारले तरी खालची नदी? गोदावरीतला मोठा झिंगा पाहा. त्याच्या पिलांना जन्मतः खाजणाचे मचूळ पाणी लागते, मग ती शेकडो मैल वर चढतात. धवळेश्वरमला ऑर्थर कॉटनचा बांध १८५२ मध्ये पुरा झाला. प्राणहितेच्या संगमाखाली २०१९ मध्ये मेडीगड्डा आले, गडचिरोलीत चिचडोह, आणि त्याच्या वर गोसेखुर्द, ज्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी केली. अमेरिकेत एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ मध्ये पाडली आणि सालमन मासे पुन्हा वर चढले. गोसेखुर्द पाडा असे मी म्हणणार नाही; त्या पाण्यावर धान उभे आहे. पण त्या जलाशयात जाळे टाकणाऱ्या धिवराला आपण काय पाठवतो? आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. धंतोलीतल्या, सीताबर्डीतल्या मोरीचे पाणी शेवटी गोसेखुर्दच्या भिंतीशी जाऊन थांबते. नाग शुद्ध करण्याची योजना मंजूर आहे, सुमारे दोन हजार कोटींची. तिच्या बातम्यांत मी काठावरचे रस्ते, दिवे आणि बाग वाचली. धिवर अजून वाचायला मिळालेला नाही.